सात तासांची झोप

नागपूरच्या मार्गसंगती केंद्रात दुपारी चारच्या सुमाराला डॉ. हेमलता खापेकर स्वतःच्याच प्रवासाचा आराखडा पाहत होत्या. नागपूर ते पुणे, सव्वासातशे किलोमीटर, एका दिवसात, गाडीत एकट्या. समोरच्या पडद्यावर महामार्ग एका बारीक निळ्या रेषेसारखा दिसत होता आणि त्यावर उद्या धावणाऱ्या एकूण एक वाहनाचा ठिपका आधीच मांडलेला होता.

"मॅडम, विमानानं का जात नाही?" निरंजन उमाठेने विचारले. तो केंद्रात नवीन होता. आधी निद्राविज्ञानाच्या प्रयोगशाळेत होता, त्यामुळे त्याला अजून प्रश्न पडत.

"पुण्यात माझा सत्कार कशासाठी आहे? तीन वर्षांत या रस्त्यावर झोपेमुळे एकही मृत्यू झाला नाही म्हणून. आणि मी विमानानं उतरू? मी गाडीनं येतेय असं जाहीर करून बसलेय."

मार्गसंगतीची कल्पना मुळात साधी होती. महामार्गावर येण्याआधी प्रत्येक चालकाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे: काल किती तास झोपलात? या निद्रानिवेदनावरून यंत्रणा त्याची निघायची वेळ आणि विसाव्याच्या जागा ठरवी. लांबच्या टप्प्यांवर वाहनांचे जोडताफे करी. सर्वांत ताजातवाना चालक पुढच्या अग्रवाहनात असे. मागची अनुगामी वाहने अदृश्य दोरीने बांधल्यासारखी त्याच्या चाकोरीतून आपोआप चालत आणि त्यांचे चालक निवांत झोप काढत.

"मला एक कळत नाही," निरंजन म्हणाला. "मेंदूचे संवेदक गाडीत लावायला कायद्यानं बंदी आहे, ठीक. पण मग नुसत्या विचारण्यावर विसंबायचं? लोक खोटं बोलतात."

"बोलतातच. पण किती बोलतात ते आपल्याला कळतं." हेमलताबाईंचा हा आवडता भाग होता. "दमलेल्या माणसाच्या हातात चाक वेगळं थरथरतं. प्रवास संपला की त्या थरथरीचा आलेख आपण त्याच्या निवेदनाशी ताडून बघतो. सात तास सांगितले आणि साडेतीनच निघाले, तर त्याचा विश्वास-गुणांक शून्य पूर्णांक पाच. पुढच्या वेळी तो काहीही बोलला तरी यंत्रणा त्याच्या निम्मं धरते. त्याचं खोटं आपल्या हिशेबात आधीच धरलेलं असतं, म्हणून ते कुणाला इजा करत नाही."

"आणि तुमचा गुणांक?"

"एक," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द उच्चारताना त्यांना बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उठल्या तेव्हा त्यांची जेमतेम चार तास झोप झाली होती. भाषण लिहिण्यात वेळ गेला होता, मग ते पाठ करण्यात, आणि मग नुसतेच ते आठवत पडून राहण्यात. त्यांनी चहा घेतला आणि निवेदनाचा चौकोन उघडला. आधी त्यांनी चार हा आकडा घालून पाहिला. आराखडा लगेच बदलला. निघायची वेळ साडेनऊ, विसावे तीन, पुण्याला पोहोचायची वेळ रात्री साडेआठ. सत्कार पाचला होता.

चार खोडून त्यांनी सात लिहिले. निघायची वेळ सहा, विसावा एक, पोहोचायची वेळ साडेतीन.

आपल्या हातून काय होते आहे हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण चाळीस वर्षे गाडी चालवणाऱ्या बाईला एका दिवसाचे जागरण काय करणार, असे त्यांनी मनाला समजावले आणि बोट टेकवले. यंत्रणेने काही विचारले नाही.

पहिले तीन तास छान गेले. मेहकर मागे पडले, ऊन चढले, वारा सुटला. मग आवाज आला: "चालक खापेकर, आपण सध्या या टप्प्यातील सर्वांत सावध चालक आहात. पाच वाहनांचा ताफा आपल्याला जोडत आहोत."

त्यांना नकार देता आला असता. पण नकाराचे कारण नोंदवावे लागते, आणि कारण एकच होते. त्यांनी होकार दिला. आरशात एक ट्रक लगोलग मागे येऊन बसला. त्याच्यामागे एक लहान मुलांची खेळणी टपाला बांधलेली गाडी होती, आणि आणखी तीन. थोड्या वेळाने एका वळणावर त्या खेळण्यांच्या गाडीतल्या माणसाने आसन मागे टाकलेले त्यांना दिसले. तो झोपायच्या तयारीत होता, त्यांच्या भरवशावर.

जालना तीस किलोमीटर राहिले असताना हेमलताबाईंचे डोळे मिटले.

जाग आली ती कर्कश भोंग्याने. ट्रक जोड तोडून त्यांच्या उजव्या अंगाला आला होता आणि त्याचा चालक डाव्या खिडकीकडे वाकून ओरडत होता. त्यांच्या डाव्या बाजूला कठडा होता, हातभरही दूर नाही, आणि कठड्यापलीकडे पुलाखालचे कोरडे पात्र. त्यांनी दचकून चाक उजवीकडे ओढले. तेवढ्याने त्यांची गाडी ट्रकवर आदळली असती. ट्रकवाल्याने ती वाचवायला आपला ट्रक दुभाजकावर घातला. लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज झाला. जोड तुटली तेव्हाच मागची चारही वाहने स्वतःहून ब्रेक लागून जागच्या जागी थांबली होती. खेळणी बांधलेल्या गाडीतून एक बाई डोळे चोळत उतरली आणि म्हणाली, "काय झालं हो?"

ट्रकवाल्याचा उजवा पाय मांडीपासून मोडला होता. हेमलताबाईंच्या कपाळाला नुसते खरचटले होते.

वाहतूक निरीक्षक बनसोड वीस मिनिटांत आले. यंत्रणेचा अहवाल त्यांच्याही आधी आला होता. तो त्यांनी हेमलताबाईंना अदबीने वाचून दाखवला. "अग्रवाहन डावीकडे सरकले, संभाव्य कारण वाऱ्याचा झोत. अनुगामी चालक अंबादास सुरडकर, निवेदन सात तास, ग्राह्य साडेतीन तास. झोपेच्या गुंगीत घाबरून त्याने जोड तोडली व अग्रवाहनाला धोका निर्माण केला. दोष शंभर टक्के अनुगामी चालकाचा." त्यांनी मान वर केली. "तुमच्याबद्दल प्रश्नच नाही, मॅडम. परवाना जाईल त्याचा. तुम्हाला पुढं जायचंय ना? माझा माणूस देतो गाडी चालवायला."

आता बोलायला हवे होते. हेमलताबाईंनी तोंड उघडलेही.

"पाचला पोहोचायचंय," त्या म्हणाल्या.

पुण्यात सभागृह भरलेले होते. कपाळावरची पट्टी पाहून लोक हळहळले. सूत्रसंचालकाने सांगितले की आजच सकाळी एका बेपर्वा चालकामुळे बाईंवर प्रसंग ओढवला होता आणि तरीही त्या शब्दाला जागून आल्या आहेत. टाळ्या थांबेनात. पाठ केलेले भाषण त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले, एक शब्द न चुकता. "आमच्या यंत्रणेचा पाया माणसाच्या शब्दावर आहे," या वाक्याला पुन्हा टाळ्या पडल्या. त्यांच्या अंगावर शाल होती आणि तिच्याखाली त्यांना दरदरून घाम फुटला होता. कुणी कौतुकाने हात हातात घेतला की तो ओढून घ्यावासा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जालन्याच्या रुग्णालयात आल्या. काय बोलायचे ते ठरवले नव्हते. कालच्यासारखे आज काहीच पाठ नव्हते.

ओसरीतच एक बाई उठून उभी राहिली. तिने कालच्या बातमीत दिसलेली त्यांच्या कपाळावरची पट्टी पाहिली आणि ओळखले. ती अंबादासची बायको, शेवंता.

"आमच्या यायले माफ करा, मॅडम," ती हात जोडून म्हणाली. "लय सांगते मी, खोटं बोलू नका मशीनपुढं. अजून म्हणतात, सात तास झोपलो होतो. मशीन साडेतीन म्हणते ना! मशीन कायले खोटं बोलंन?"

"तुम्ही घरी होतात? ते किती वाजता झोपले ते पाहिलं नाही तुम्ही?"

"मी माहेरी होती. आता तर तेही कधी कधी म्हणतात, असंन बा, मलेच कळलं नसंन."

हेमलताबाई तिथून बाजूला झाल्या. जिन्याजवळ उभे राहून त्यांनी निरंजनला फोन लावला.

"अंबादास सुरडकर. याची जुनी नोंद काढ."

"काढलीये," तो म्हणाला. त्याने ती आधीच पाहिली असावी. "सहा वर्षांपूर्वी तो दुसऱ्या मालकाकडे होता. फेऱ्या मारून घ्यायचे, झोपू द्यायचे नाहीत. तेव्हा चार वेळा खोटं निवेदन दिलं. गुणांक शून्य पूर्णांक पाच. तेव्हापासून तोच आहे."

"सहा वर्षांत बदलला नाही? दर प्रवासानंतर ताडून बघतो ना आपण?"

"ताडून बघायला आलेख लागतो, मॅडम." निरंजन म्हणाला. "त्याचं म्हणणं यंत्रणा निम्मं धरते. मग तो दमलेला ठरतो. दमलेल्याला ती लांबच्या रस्त्यावर दर वेळी अनुगामी करते. अनुगामी वाहनात चाक चालकाच्या हातात नसतं. थरथर नाही, म्हणून आलेख नाही. म्हणजे गेली सहा वर्षं तो खरं बोलला असेल की खोटं, आपल्याला कळायला मार्गच नाही. असे अकरा हजार चालक आहेत. मी काल मोजले."

 हे गणित हेमलताबाईंनी स्वतः मांडले होते. ते कितीदा तरी तपासले होते, पण वरच्या टोकाकडून. स्वतः तळाशी उभे राहून त्यांनी ते कधी पाहिलेच नव्हते.

"निरंजन, तो सात तास झोपला होता. म्हणूनच तो जागा होता. यंत्रणेनं झोप म्हटलं तरी त्याला झोप आली नाही. म्हणून त्याला मी कठड्याकडे जाताना दिसले."

"तुम्ही कठड्याकडे... वारा होता ना?"

"वारा नव्हता. मी झोपले होते. माझी चार तास झोप झाली होती आणि मी सात लिहिले. माझं निवेदन रद्द कर आणि हे नवं निवेदन नोंदव, आत्ता, मी फोनवर आहे तोवर."

 पलीकडून कळांचा आवाज आला.

"मॅडम, नोंदवलं."

"अहवाल बदलला?"

"नाही."

"का?"

"खोटं निवेदन दिल्याची कबुली आली म्हणून तुमचा गुणांक खाली गेला. चार खरे, सात सांगितले. शून्य पूर्णांक सत्तावन्न." त्याचा आवाज बारीक झाला. "तो नियमाप्रमाणे तुमच्या पुढच्या प्रत्येक म्हणण्याला लागू होतो. कबुली हेही तुमचं म्हणणंच आहे. शंभर टक्के खात्री असल्याशिवाय अहवाल फिरवायचा नाही, असा आपला नियम आहे. तुमच्या शब्दाचं वजन आता तेवढं उरलं नाही. आणि प्रवास अर्धवट तुटला, म्हणून तुमच्या चाकाचा आलेखही ताडला जात नाही."

तो नियम हेमलताबाईंनीच लिहिला होता; त्याने ते बोलून दाखवले नाही.

जबाबासाठी रुग्णालयात आलेल्या बनसोडांना त्यांनी गाठले. ते सगळे ऐकून घेऊन सौम्यपणे म्हणाले, "तुम्हाला धक्का बसलाय, मॅडम. मोठ्या मनाची माणसं असं दुसऱ्याचं अंगावर घेतात. पण माझ्यासमोर जे आलंय त्यात तुमचं हे म्हणणं अग्राह्य आहे. मी काय लिहू?"

"मी लेखी देते."

"द्या. मी जोडतो. वाचलं जाईल का, सांगता येत नाही."

त्यांनी तिथेच एका कागदावर सगळे लिहिले आणि खाली सही केली. अकरा हजार चालकांची यादी निरंजनकडून मागवून घेतली. गुणांकाची पद्धत बंद करावी असे पत्र केंद्राला पाठवले. त्याला उत्तर आले ते यंत्रणेनेच लावलेल्या शेऱ्यासह: प्रेषकाची विश्वासार्हता मध्यम.

मग त्या रुग्णाच्या खोलीत गेल्या. अंबादास सुरडकर पाय वर बांधून पडला होता. पन्नाशीचा, रापलेला. त्यांना पाहून तो उठायला धडपडला.

"पडून राहा," त्या म्हणाल्या. खुर्ची होती, पण बसायचे धाडस झाले नाही. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितले: किती झोपल्या होत्या, किती लिहिले, त्याने भोंगा वाजवला तेव्हा त्या कुठे होत्या, बनसोडांनी अहवाल वाचला तेव्हा त्या गप्प का बसल्या. शाल आणि टाळ्यांचेही सांगितले.  दारात शेवंता येऊन उभी राहिली होती आणि तिने तोंडावर पदर घेतला होता.

"तुम्ही सात तास झोपला होतात," शेवटी त्या म्हणाल्या. "तुम्ही खरं बोललात. मागेही बोलला असाल."

अंबादास छताकडे बघत राहिला. 

"हे मले कायले सांगता, मॅडम?" तो म्हणाला. "मशीनले सांगा ना."

"सांगितलं. तिचा माझ्यावर विश्वास नाही आता."

त्याने मान वळवून त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. त्या नजरेत राग असता तर हेमलताबाईंना हायसे वाटले असते. त्याने हाताने खुर्ची थोडी जवळ ओढली.

"बसा," तो म्हणाला. "पहिले दोन वर्षं लय जड जातात."