गुरुवारची बदली

परदेशीपुऱ्यातली आमची मिल बंद पडली आणि सहा महिन्यांत बाबांचा उजवा खांदा दुखायला लागला. दोन हजार चार उजाडलं तरी दुखतच होता. एक्स-रे झाले, इंजेक्शनं झाली, मालिश झाली. खांद्यात काही सापडेना. मी कॉलेजच्या लॅबमध्ये दुखण्यावरच काम करते, म्हणून मला कारण ठाऊक होतं. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मेंदूतली काही जनुकं जागी होतात आणि मग झोपतच नाहीत. पण कारण कळून उपयोग काय, कपाळ! बाबांना स्वतःचा शर्ट घालता येत नव्हता.

फक्त गुरुवारी त्यांना आराम असायचा. त्या दिवशी शेजारच्या लक्ष्मीकांतकाकांचा खांदा ठणकायचा. दोघं एकाच खात्यातले विणकर.

"बदली लावलीय बेटा," काका हसायचे. मिलमध्ये एक जण आला नाही की त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली. "सहा दिवस तुझे बाबा, एक दिवस मी."

"काहीही हं, काका!"

सोमवारी काका गेले. देहदानाचा फॉर्म त्यांनीच भरून ठेवला होता. त्यांचा मेंदू आमच्या लॅबमध्ये आला. आम्ही त्याचे बारीक तुकडे करून गोठवले. तीन दिवस रोज एक तपासायचा. मंगळवारी आणि बुधवारी जाग्या जनुकांचे आकडे सारखेच आले. येणारच होते, मेलेली पेशी नवीन काही बनवत नाही.

मला धास्ती होती ती गुरुवारची. बाबांचा आरामाचा एकुलता एक दिवस आता गेला, असंच वाटत होतं.

गुरुवारी सकाळी बाबांनी खुंटीवरचा शर्ट उजव्या हातानं काढला.

"वसुधा, दुखत नाहीये गं."

मी चहा तसाच टाकून लॅबमध्ये पळाले. तुकडा लावला.

यंत्रावर जाग्या जनुकांची रेघ चढली. कालच्या तिप्पट.

दुसरा तुकडा लावला. तेच.

आणि खरं सांगते, माझे हात आपोआप जोडले गेले.

संध्याकाळी काकांच्या घरी गेले. शारदाकाकूंनी माझा हात धरला.

"सुटले ना गं एकदाचे त्या दुखण्यातून?"

"हो, काकू."

उरलेले तुकडे नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी जाळायचे होते. मी परत लॅबमध्ये गेले आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवली: नष्ट करू नये.