दिवे मालवणारी मंजुळ

"मंजुळनं पुन्हा दिवे मालवले!" शर्वाणी ओरडली.

तिच्या दुर्गाआत्याला, गावच्या लाडक्या कीर्तनकार बाईंना, हृदयविकाराचा झटका आला होता. डॉक्टरांनी तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करून तिला घरी धाडलं, सोबत मंजुळ ही यंत्रपरिचारिका. तिन्हीसांजेला भजनी मंडळ आलं. आत्यासाठी रात्रभर जागर करायचा म्हणून त्यांनी खाटेभोवती उत्सवातल्या झगमगत्या माळा लावल्या. आणि मंजुळ एकेक माळ बंद करत सुटली!

"आजाऱ्याच्या उशाशी अंधार करतात का कुणी?" पेटीवाले गजाननकाका चिडले. "शर्वाणी, बंद कर बाई हिला!"

शर्वाणीचा हात मंजुळच्या पाठीवरच्या बटणाशी थबकला. मंजुळ चुकत असेल तर? आणि नसेल तर?

"रक्त अडलं, तेव्हा हृदयाच्या पेशी उपाशी राहिल्या," मंजुळ म्हणाली. "वाट मोकळी झाली. रक्त धावत आलं, पण येताना त्यानंही थोडी इजा केली."

"रक्तानंच? मग वाट मोकळी केलीच कशाला?" शर्वाणीनं विचारलं.

खाटेवर आत्या हसली. "कीर्तनानंतर प्रसादाला झुंबड उडते, तसं गं. दार उघडायला तर हवंच. पण चेंगराचेंगरी होते."

"अगदी तसंच!" मंजुळ म्हणाली. "प्राणवायू परतला की उपद्रवी रेणू (पेशींची मोडतोड करणारे अतिसूक्ष्म कण) भराभर तयार होतात. पहिली झुंबड ओसरली, तरी धुसफूस काही दिवस राहते. त्या रेणूंना आवरणारा एक स्वयंसेवक म्हणजे मेलॅटोनिन (अंधार पडल्यावर मेंदूतली इवलीशी ग्रंथी रक्तात सोडते ते रसायन). डोळ्यांवर उजेड पडला की ते कमी बनतं."

"म्हणजे अंधारानं आत्या बरी होणार?"

"ते सांगता येत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेलॅटोनिन दिल्यावर हृदयाची इजा कमी झाली. माणसांत निकाल एकसारखे नाहीत. म्हणून औषधं चालूच ठेवायची. झोप मात्र तिला हवीच."

"हे म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही!" काका वैतागले. "आणि आमचा जागर?"

"घरी करा," आत्या म्हणाली. "पांडुरंगाला अंधारातही दिसतं."

शर्वाणी अजून गोंधळलेलीच होती. तरी तिनं बटणावरचा हात काढला आणि शेवटची माळ स्वतः बंद केली. आत्याचा श्वास हळूहळू संथ झाला.

"मंजुळ, माणसांचं नक्की कधी कळेल?"

"कुणीतरी शोधत राहिलं तर."

"मग मी मोठी झाले की…"

"हळू बोल गं," काळोखातून आत्या पुटपुटली. "माझे स्वयंसेवक आत्ताच कामाला लागलेत."