डाव्या पायाची चप्पल

नवरा जिवंत होता तेव्हा सगळं घर म्हणायचं, त्याला भूत लागलंय. मी एकटी म्हणायचे, भूतबीत काही नाही, आजार आहे, दवाखान्यात न्या. कुणी ऐकलं नाही. आता मी म्हणते की तो गेल्यावर एका रात्री माझ्यामागून चालत आला, तर तीच माणसं म्हणतात, भूतबीत काही नसतं, बाईचं डोकं फिरलंय. म्हणजे दोन्ही वेळा खोटी मीच. काल रात्री नणंदेची पोरं अंथरुणात शिरून म्हणाली, "मामी, खरं खरं सांग." त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते.

माझा नवरा शिंपी. मशीनवर बसताना चपला काढून ठेवायचा. म्हणायचा, पायडल तळव्याला कळलं पाहिजे, नजर सुईवरून हलता कामा नये. त्याचा कोट घातला की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही.

चार वर्षांमागे एका संध्याकाळी तो दुकानातून एकाच चपलेवर घरी आला. डावा पाय उघडा, टाचेत काच रुतलेली, रक्त येतंय आणि याला पत्ता नाही.

"दुसरी कुणाला देऊन आलात?" मी म्हटलं.

त्याने खाली बघितलं. "अगं, मला वाटलं पायातच आहे."

मी हसले. ते हसणं अजून बोचतं. त्या चपलेचा पट्टा तुटला होता, तो मीच कोटाच्या काळ्या दोऱ्याने शिवला होता, वर दोन फुल्या घालून. दुकानापर्यंतचा रस्ता पालथा घातला. चप्पल मिळाली नाही.

मग एकेक सुरू झालं. पायांत वीज चमकावी तशी कळ यायची. पायाकडे बघत पायडल मारायला लागला, तेव्हा टाके वाकडे जायला लागले. चालताना पाय उंच उचलून आपटायचा. आधी टाच, मग तळवा. थप्प. उजेडात चालायचा, अंधारात कोसळायचा. तोंड धुताना डोळे मिटले तरी तोल जायचा. रात्री बाहेर पडलो की मी त्याच्या पायांवर टॉर्च धरायचे. "नीट धर गं, माझे पाय कुठे आहेत ते मला दिसू दे," म्हणायचा.

लोक म्हणाले, दारू. मग एक दिवस दुकानातल्या सगळ्या कापडावर त्याने कात्री चालवली. राजाने चाळीस कोट मागवलेत म्हणे. थोरले भाऊजी म्हणाले, "याच्या तोंडून दुसराच कुणी बोलतोय," आणि भूत झाडणारा घेऊन आले. जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची आणली. आधी पोटातच दोन लेकरं खाल्ली, आता नवरा."

मी त्याला एकटीनेच मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांवर उजेड टाकला. काळी बाहुली लहान झालीच नाही. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, तपासलं. मग मला बसवून सांगितलं, "बाई, ही गरमी. सिफिलिस. आधी एक फोड येतो, दुखत नाही, आपोआप भरतो. माणसाला वाटतं सुटलो. पण रोग आत राहतो आणि वीस-वीस वर्षांनी मणक्यातून, मेंदूतून बाहेर पडतो. वेळेवर इंजेक्शनं घेतली असती तर हे झालं नसतं. तुमची मुलंही बहुतेक यानेच गेली."

माझ्या रक्तातही गरमी निघाली. मी इंजेक्शनं घेतली. त्यालाही चौदा दिवस दिली, पण रोगाने खाल्लेलं परत आलं नाही.

खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "लग्नाआधी दादाने माझं रक्त तपासून आणलं होतं. कागद त्याच्याकडेच राहिला."

मी भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "वेड्याचं बोलणं काय धरून बसतेस?" सगळ्यांनी माना डोलावल्या. नोव्हेंबरात तो गेला.

भाऊजींचा एक कोट त्याने बरा असताना कापून-शिवून ठेवला होता. काजं-बटणं मी केली. भाऊजींना सकाळच्या गाडीने जायचं होतं, म्हणून सतरा डिसेंबरला, मंगळवारी, रात्री सव्वादहाला कोट घडी करून मी निघाले. दहा मिनिटांचा रस्ता. चारातला एक दिवा चालू. थंडीने कुत्रीसुद्धा गप्प.

गिरणीपाशी पोचले आणि मागून आवाज आला.

थप्प.

मी थांबले. आवाज थांबला.

चालायला लागले. टाच... तळवा. टाच... तळवा.

वळून बघितलं. दिव्याखाली कुणी नाही. रस्ता रिकामा.

पुढे अंधार होता. त्यात शिरले तसा तो आवाज अडखळला. एक पाऊल पडलं... दुसरं पडेचना. मग काहीतरी घासत गेलं, भिंत चाचपावी तसं.

माझा हात आपोआप गेला. टॉर्च काढला, पाठीमागे धरला, उजेड जमिनीवर.

"चला," मी म्हटलं. "धरलाय."

थप्प... थप्प... थप्प.

नीट चालला. भाऊजींच्या पायरीपर्यंत मी मागे बघितलं नाही.

दार त्यांनीच उघडलं. कोट घेतला. माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि कोट त्यांच्या हातातून खाली गेला.

"भाऊजी?"

ते माझ्याशी बोललेच नाहीत. माझ्या मागे बघून बोलले. "तीन इंजेक्शनं लिहिली होती... पण तुझं लग्न ठरलं होतं रे. त्या दवाखान्याच्या रांगेत तुला कुणी बघितलं असतं तर मोडलं असतं. फोड तर भरला होता. मी म्हटलं... आता कशाला."

मग दार लावून घेतलं.

मी टॉर्च फिरवला. पायरीवर डाव्या पायाची चप्पल. पट्ट्यावर काळा दोरा, दोन फुल्या. मी उचलली. आतून उबदार होती.

घरी येताना टॉर्च मागेच धरून चालले. अख्खा रस्ता. मागे काही वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, "मी कुठे काय बोललो?" जाऊबाई म्हणाल्या, "तसल्या चपला बाजारात शंभर मिळतात." मिळत असतील. माझे टाके मिळत नाहीत.

चप्पल मशीनच्या पायडलवर ठेवली आहे. बावीस वर्षं ज्यांनी माझ्या पायांना बोल लावला, त्यांनी येऊन बघावी. आणि दोष कुणाचा ते विचारायला माझ्याकडे येऊ नये, मी नाव इथेच लिहून ठेवते.

थोरले भाऊजी.