केबिनमध्ये दोघं

टिंग.

घर इतकं शांत होतं, की बाथरूममधल्या वजनकाट्याचा आवाज थेट स्वयंपाकघरात ऐकू आला.

"आई! एट, झीरो!"

देविका धावली. सिया चार वर्षांची, जेमतेम सोळा किलोची. आणि ती काट्यावर नव्हतीच... टेडीला कवटाळून दारात उभी होती.

काट्यावर कुणीच नव्हतं.

यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. देविका माझी सख्खी मावसबहीण. ती आणि अजय स्कॉटलंडमध्ये, डम्फ्रीजजवळच्या एका गावात राहतात. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारचे साडेतीन. बाहेर अंधारून आलेलं.

पण ते ऐंशी त्या दिवशी आले नाहीत. सोमवारपासून ते तिच्या मागे होते.

देविका घरूनच काम करते. मालकांशी करार करून त्यांची जंगलं सांभाळणारी, तोडणारी एक कंपनी. करारात लाकूड मोजायचं ते ट्रकच्या वजनावर. सॉमिलच्या काट्यावर आधी भरलेला ट्रक चढतो, मग रिकामा. मधला फरक ते लाकूड. ड्रायव्हरसोबत केबिनमध्ये आणखी कुणी असेल तर ड्रायव्हरने काट्याच्या पावतीवर तसं लिहायचंच, नाहीतर लाकडाचा आकडा चुकतो. या पावत्या जुळवायचं काम देविकाचं.

त्याच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, मॅनेजरचा, ग्रेअमचा, फोन आला.

"देविका, कालच्या एका पावतीत रिकामा ट्रक ऐंशी किलोने जास्त दाखवतोय. नेहमीचं वजन टाक ना. आणि खालची ती ओळ उडव. उगीच गोंधळ नको."

सिया कडेवर रडत होती, दूध उतू चाललं होतं. देविकाने एका हाताने आकडा बदलला. ओळ उडवली.

वाचलीसुद्धा नाही.

दुपारी कळलं... मंगळवारच्या वाऱ्यात झाड अंगावर पडून यूअन गेला. कंपनीकडे झाडं तोडायला होता. कंपनीने सांगून टाकलं, वाऱ्यामुळे काम बंद होतं, तो आपल्या मर्जीने जंगलात शिरला.

देविका हळहळली आणि कामाला लागली.

पुढच्या सोमवारी तोच ट्रक रिकामा झाला, तरी ऐंशी किलो जास्त.

मंगळवारी... पुन्हा ऐंशी.

बुधवारी काटा तपासायला माणूस आला. काटा ठणठणीत.

शुक्रवारी दुपारी त्या ट्रकच्या ड्रायव्हरबाईंचा, मोरागचा, फोन आला. तीस वर्षं ट्रक चालवणारी, शिवीशिवाय न बोलणारी बाई. आवाज कापत होता.

"पोरी, मी खाली उतरून बघितलं. माझं वजन गेलं. ऐंशी तसेच राहिले."

"मागे काही अडकलं असेल, मोराग."

"बाजूच्या सीटचा पट्टा लावलेला होता..."

"मग?"

"मी लावला नव्हता."

मग मोरागच पुढे बोलली.

"त्या मंगळवारी मी लिहिलं होतं ना पावतीवर? केबिनमध्ये दोघं, सोबत यूअन, कामावर. ग्रेअमनेच बोलावलं होतं आम्हाला. आणि आता तो काळतोंड्या यूअनच्या बायकोच्या दारात जाऊन सांगतो, तुझा नवरा भटकायला गेला होता! ती पावती आहे ना तुझ्याकडे?"

देविकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ग्रेअमला फोन लावला.

"तू मला काय पुसायला लावलंस, माहीत होतं तुला!"

"देविका, शांत हो. बदल तुझ्या नावाने झालाय. माझ्या नाही. तुझा व्हिसा कंपनीकडून आहे, एवढं लक्षात ठेव."

"व्हिसा घाल चुलीत! हो, मी पुसलं! माझ्या हाताने पुसलं! आणि मीच सांगणार!"

फोन आपटला. घर शांत झालं.

आणि तेव्हाच... टिंग.

काट्यावर अजून ऐंशी होते. हिरवे, स्थिर. देविकाने सियाला उचलून छातीशी घेतलं आणि तशीच लॅपटॉपकडे गेली. पावतीचा मूळ स्कॅन अजून होता. मोरागचं वाकडंतिकडं अक्षर. 'केबिनमध्ये दोघं.'

मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी माणसाला तिने तो पाठवला. खाली लिहिलं, ही ओळ मी काढली होती.

सेंड.

आता संपलं, असं तिला वाटलं. सिया मानेत तोंड खुपसून होती. तिच्या केसांना बेबी शाम्पूचा वास येत होता...

आणि खोलीत ओल्या लाकडाचा.

टिंग.

दोघी बाथरूमच्या दारापर्यंत गेल्या. आकडा तोच. काट्याच्या काचेवर आता चिखल होता. बुटाच्या दोन ठशांचा.

सियाने त्या ठशांकडे पाहिलं, मग आईकडे. घाबरली नव्हती ती. नर्सरीत कुणी कुणाचं चित्र खोडलं, की विचारतात ना, तसं तिने विचारलं.

"आई, तू का पुसला त्याचा नंबर?"