टिनिकलिंगचा दादरा

दार चुकलं, आणि विनिता उंबऱ्यातच थबकली. दुबईतल्या अल कुसैसच्या त्या इमारतीत तालमींचे दोन हॉल. भजनाचा होता शेजारचा. काखेत तबल्याची पिशवी घेऊन बाईसाहेब शिरल्या फिलिपिनो मंडळींच्या हॉलमध्ये! दोन लांब बांबू खटाखट आपटत होते आणि त्यांच्या मधून एक पोरगा अनवाणी, हसत हसत उड्या मारत होता. त्याचं नाव जोमार, आणि त्या नाचाचं टिनिकलिंग.

बांबूच्या एका टोकाला त्याची आई होती, दुसऱ्या टोकाला मित्र. तेवढ्यात मित्राला ड्यूटीचा फोन आला आणि तो पळाला.

"तबला वाजवतेस ना? यल्ला, चल, बस इथे!" जोमार म्हणाला.

बसली खरी... पण हाताला सवय भजनाच्या चार ठोक्यांची! हा नाच तीनचा. एकदा बांबूवर बांबू, दोनदा जमिनीवर. विनिताने सवयीने चौथा ठोका घातला, आणि जोमारचा घोटा सापडला.

"आई गं!" ओरडली मात्र तीच.

"पाय माझा, आणि रडतेस तू?" घोटा चोळत तो हसला. काय गोड हसायचा मेला!

आई हसली नाही. फिलिपिन्सच्या लेइते बेटावरून ती पहिल्यांदाच लेकाकडे आली होती. जोमारचे वडील शेवटची फेरी डोळे बांधून नाचायचे. ते गेले, आणि आता आईसमोर ती फेरी नाचायची एवढंच जोमारच्या मनात होतं.

"बांबू हिच्या हातात असेल, तर डोळे बांधायचे नाहीत. खलास!" आई म्हणाली.

विनिताला ते झोंबलं. तबलजीची पोर मी, तीन मात्रांना हरू? अगं, हा तर सरळ दादरा! धा धी ना, धा ती ना... रोज संध्याकाळी ती येऊ लागली.

"घोटा दुखतो अजून?"

"दुखतो. तू विचारलंस की जास्तच."

अजमानला भरलेल्या फिलिपिनो मंडळींच्या मेळाव्यात जोमारने आईकडे पाहिलं, विनिताकडे पाहिलं, आणि डोळ्यांवर लाल फडकं बांधलं. आईने ओठ आवळले... आणि मुद्दाम लय वाढवली. विनिता मागे हटते थोडीच! धा धी ना, धा ती ना... तिचे ओठ हलत होते, हात पळत होते, आणि जोमार वाऱ्यावर असल्यासारखा नाचत होता. एकही ठोका चुकला नाही. सगळा हॉल उभा राहिला.

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिने विनिताचा हात धरून सगळ्यांसमोर उंच केला. "बघा, माझ्या पोराचे पाय हिने सांभाळले!" विनिताचा ऊर अभिमानाने भरून आला.

फडकं न सोडताच जोमार हात पुढे करून आला, थेट तिच्यापाशी.

"दिसत नसताना कसा आलास रे?"

"तू अजून धा धी ना म्हणते आहेस." तो घुटमळला. "विनिता... जन्मभर असाच तुझ्या भरवशावर पाय टाकू म्हणतो... चलेगा?"

"चलेगा काय," विनिताने त्याचं फडकं सोडलं, "दौडेगा!"