तिसऱ्या हाकेनंतर

रविवारी दुपारी जेवून हात धुतल्या धुतल्या ती ऑफिसला निघाली. काम तसं किरकोळ होतं. तळघरातल्या जुन्या खोलीत एकच मशीन चालू राहिलं होतं, ते बंद करून यायचं. बाकीची मशीनं एकेक करून निकालात निघाली होती आणि त्यांच्यावरची सगळी कामं गावाबाहेरच्या नव्या इमारतीत हलली होती. हे शेवटचं मशीन सुट्टीच्या दिवशी बंद करायचं ठरलं, म्हणजे काही बिघडलंच तर कुणाची बोंब नको.

"आज तरी घरी थांबायचंस," आई दारात उभी राहून म्हणाली.

"मशीनला रविवार कळत नाही."

"पोचलीस की फोन कर."

"आई, मी ऑफिसला चाललेय. लढाईवर नाही."

बूट घातल्यावर तिने सवयीने डाव्या बुटाचं टोक जमिनीवर दोनदा आपटलं. टक टक. त्याशिवाय तिचा पाय बुटात बसतच नसे. आई नेहमीसारखं म्हणाली, "फरशी फुटेल एक दिवस," आणि ती नेहमीसारखीच जिना उतरली.

आईचे फोन हा तिच्या डोक्याला ताप होता. दिवसभर मधूनमधून यायचे. काम काही नसायचं. "आहेस ना गं?" एवढंच विचारायची, "हो" ऐकलं की ठेवून द्यायची. मीटिंग चालू असो, कुणी समोर बसलेलं असो, फोन यायचाच. हे कुठून सुरू झालं ते तिला माहीत होतं. बाबा एका दुपारी ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले, आणि दिवे लावायला शिपाई येईपर्यंत कुणाला पत्ताही नव्हता. त्या दुपारी आईने त्यांना एकदाही फोन केला नव्हता. तेव्हापासून आई त्याची भरपाई करत होती, आणि ती भरपाई हिच्या माथी. कारण कळत होतं म्हणून चीड कमी होत नव्हती. उलट वाढत होती.

ऑफिसात पोचली तर दारावर पहारेकरी पेंगत होता आणि वर सगळ्या मजल्यावर एकच दिवा. त्या दिव्याखाली मास्तर बसलेले. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. अर्ध्या ऑफिसला त्यांनीच काम शिकवलं म्हणून मास्तर. रविवार असो की सोमवार, मास्तर ऑफिसात. सामानाच्या खोलीत त्यांची एक खाट होती, एक स्टोव्ह होता. बायकोने हाकलून दिलंय, असं मुलं मागे म्हणत आणि हसत. तीही हसायची.

"एकटीच जाणार खाली?" मास्तरांनी विचारलं.

"वायर काढायला दोन माणसं कशाला?"

"आत भिंतीवर फोन आहे. गेल्या गेल्या घरी कळव, की आत आहे. मग मधूनमधून सांगत राहा."

"मास्तर, खाली खोली आहे. पाणबुडी नाही."

मास्तर हसले नाहीत. "त्या खोलीत मी नेहमी तसंच करतो," ते म्हणाले. "आता घरी नाही, पहारेकऱ्याला करतो. पण करतो."

म्हातारी माणसं आणि त्यांचे नियम, असं मनात म्हणत ती जिन्याकडे वळली.

तिचं काम काय हे आईला समजावताना तिने एकदा सोपं करून सांगितलं होतं. एखादं ॲप म्हणजे एक अवाढव्य काम नसतं, शेकडो छोटी छोटी कामं असतात. प्रत्येक काम आपापल्या बंद डब्यात. त्याला कंटेनर म्हणायचं. असे हजारो डबे कितीतरी मशीनवर चालू असतात, आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवायला एक प्लॅटफॉर्म असतो. ऑफिसात त्याला सगळे मुकादम म्हणत. आपण मुकादमाला फक्त सांगायचं, या कामाचा डबा एक हवा, त्या कामाचे पाच. मग तो दर थोड्या वेळाने प्रत्येक डब्याला हाक मारतो, आहेस का? डबा म्हणतो, आहे. तीन हाकांना उत्तर आलं नाही, की तो डबा मेला असं धरून मुकादम त्याच साच्यातून तसाच दुसरा काढतो आणि दुसऱ्या मशीनवर उभा करतो. वापरणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

"आणि तो खरं मेलाच नसेल तर?" आईने विचारलं होतं. "नुसती वायर तुटली असेल तर?"

"तर तो तिकडे अंधारात चालूच राहतो. आपल्याला मेलेल्यात काढलंय हे त्याला ठाऊकच नसतं. मग वायर जोडली, की मुकादमाला दोन दिसतात. त्याला तर एकच ठेवायला सांगितलेलं असतं. मग तो जुन्याला संपवतो."

"जुन्यालाच का?"

"नियम आहे, आई."

आई म्हणाली होती, "बिचारा."

तळघराच्या पॅसेजमध्ये गार वारा घुमत होता. जुन्या खोलीच्या लोखंडी दाराबाहेर एक बाक होता. धूळ आत जाऊ नये म्हणून बूट तिथे काढायचे, निळ्या रबरी चपला घालायच्या, आणि फोन, बॅग बाकावरच्या लाकडी ट्रेमध्ये ठेवून जायचं. ती चपला घालत होती तोच फोन वाजला.

"पोचलीस का गं? आहेस ना?"

"आई, मी आता आत चाललेय. सारखा फोन नको करूस. संध्याकाळपर्यंत मी नाहीच, असं समज."

आई हळूच म्हणाली, "असं बोलू नये," पण तोवर हिने फोन ट्रेमध्ये टाकला होता.

खोलीत एकाआड एक रिकामे लोखंडी सांगाडे उभे होते. मशीनं काढून नेलेल्या जागी नुसती भोकं, लोंबणाऱ्या वायरी. तापलेल्या धुळीचा आणि जुन्या रबराचा वास कोंडलेला. शेवटच्या सांगाड्यात ते एकटं मशीन घरघरत होतं. पंख्यांचा आवाज आजारी माणसाच्या श्वासासारखा, मधेच अडकणारा. हे इथलं सगळ्यात पहिलं मशीन. त्याच्यावर सुरुवातीला काय काय बसवलं होतं, ते आता कुणालाच आठवत नव्हतं. भिंतीवर मास्तरांचा तो फोन होता, काळा, तारेचा. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि मशीनची नेटवर्कची वायर उपटली.

आता थांबायचं. मुकादम हाका मारेल, उत्तर येणार नाही, तो इथली उरलेली कामं दुसरीकडे उभी करेल. ते झालं की मशीन बंद करून घरी.

बाहेर ट्रेमध्ये फोन वाजायला लागला. जाड दारातून आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. आईच. ती हलली नाही. फोन वाजून वाजून थांबला.

थोड्या वेळाने पुन्हा वाजला. लाकडावर थरथरणारा तो आवाज तिच्या दातांत शिरला. "नाहीये मी," ती मशीनला म्हणाली. फोन पुन्हा थांबला.

तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा मशीनचे पंखे एकदम बंद पडले. खोलीत अशी शांतता झाली, की तिला आपल्या गळ्यातली नाडी ऐकू आली. त्या शांततेत फोन वाजत होता... आणि मधेच तुटला. वाजून दमल्यावर थांबतो तसा नाही. कुणी उचलल्यावर थांबतो तसा.

दारापलीकडे कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं. शब्द कळत नव्हते. सूर कळत होता. मग बाकावरून बॅग ओढल्याचा आवाज आला. बुटात पाय सरकवल्याचा. आणि मग जमिनीवर, अगदी स्पष्ट...

टक टक.

पावलं जिना चढून गेली. पंखे पुन्हा घरघरायला लागले.

ती किती वेळ तशी उभी राहिली कुणास ठाऊक. दार उघडलं तेव्हा ट्रे रिकामा होता. फोन नाही, बॅग नाही. बाकाखाली बूट नाहीत.

चोर, ती स्वतःला म्हणाली. दुसरं काय असणार? ती धावत वर आली. पहारेकऱ्याने तिला पाहिलं, मग तिच्या निळ्या चपलांकडे पाहिलं.

"काही विसरलात का, मॅडम?"

"मघाशी बाहेर कोण गेलं?"

"तुम्हीच की." तो कसंनुसं हसला. "जाताना म्हणालात, येते काका, जपून राहा. बरं वाटलं हो. एरवी तुमचं लक्ष नसतं."

ती तडक मास्तरांच्या टेबलाशी गेली आणि त्यांच्या फोनवरून स्वतःचाच नंबर फिरवला. मास्तर तिच्या पायांकडे बघत होते. पलीकडे घंटा वाजली, आणि लगेच कुणीतरी उचललं.

"हॅलो?"

आपला आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो. हा परका वाटला नाही. मागे घरातल्या नळाचा आवाज येत होता, आणि आईचा. "कोण आहे गं?"

"कुणी बोलत नाहीये, आई. तू बस, मी चहा टाकते."

तिने फोन ठेवला.

"कोण आहे ती?" तिने विचारलं.

"तूच," मास्तर म्हणाले.

"मग मी कोण?"

"तूही तूच. नाही कसं?" त्यांनी भिंतीजवळची दुसरी खुर्ची ओढली आणि आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. त्या खुर्चीवर धूळ नव्हती. "माझं झालं तेव्हा बायको फोन करत होती. मी म्हटलं, बाहेर गेल्यावर बोलू. बाहेर आलो तर माझी सायकल नव्हती."

"आणि तुम्ही घरी गेलाच नाहीत?"

"जातो की. रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो. तो कुंड्यांना पाणी घालतो. माझ्यापेक्षा वेळेवर घरी येतो, हसतोसुद्धा जास्त. बायको सुखात आहे." ते थांबले. "दाराशी मात्र गेलो नाही कधी. हाकेला ओ दिली नाही. वायर जोडली की काय होतं ते तुला सांगायला नको. बस पोरी. सवय होते."

तिने त्या खुर्चीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती, आणि दयेखाली काहीतरी होतं, जे जवळजवळ आनंदासारखं होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी सोबतीला आलं होतं.

"तुम्ही बसा घाबरून," ती म्हणाली. "ती माझी आई आहे."

बाहेर उजेड कमी होत चालला होता. रबरी चपलांचा फटफट आवाज सगळ्या रस्त्याने तिच्यासोबत चालला. दुकानं बंद होती. एका कुत्र्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि तिथे कुणीच नसल्यासारखी ती पुन्हा खाली ठेवली. चालताना ती मनात भांडत होती. कुणाशी, ते तिलाच कळत नव्हतं. एवढंसं तर काम होतं. एक "हो" म्हणायचं. दिवसातून कितीदा का असेना, एक "हो".

घराखालच्या झाडाशी ती थांबली. पहिल्या मजल्यावर दिवा लागला होता, खिडकी उघडी होती. जेवणाच्या टेबलाशी ती दुसरी बसली होती, पाठमोरी. केस तसेच, मान तशीच. आईच्या पुढ्यात कप ठेवत होती. काहीतरी बोलली, आणि आई हसली. आई असं हसलेली तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, परत फिरावं. मास्तरांसारखं अधूनमधून इथे उभं राहावं, बघावं, जावं. आई सुखात असली म्हणजे झालं.

चहा संपला तशी आई उठली. आतली ती आता नळाशी उभी राहून कप विसळत गुणगुणत होती. आईने एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं, नीट, बराच वेळ. मग दबक्या पावलांनी बाहेर गॅलरीत आली आणि दार मागे हळूच लोटून घेतलं. हातात फोन नव्हता. तिने कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि खाली अंधारात वाकून पाहिलं. झाडाखालचं काही तिला दिसत असणं शक्य नव्हतं.

"आहेस का गं?" आईने विचारलं. अगदी हळू. घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

ती झाडाला टेकून उभी राहिली.

"आहेस ना?" आईने पुन्हा विचारलं.

आई वाट पाहत राहिली. तिचे हात कठड्यावर घट्ट आवळलेले होते. तिसऱ्यांदा विचारायला तिने तोंड उघडलं, तेव्हा तिचा आवाज फुटलाच नाही. नुसते ओठ हलले.

"आहे," ती खालून म्हणाली. "आई, मी आहे."

वर, आत, गुणगुणणं थांबलं. नळ बंद झाला. आणि पाठमोऱ्या उभ्या असलेल्या त्या मुलीने, कप खाली ठेवून, डाव्या पायाचं टोक फरशीवर दोनदा आपटलं.