फुगा उभा आहे तोवर

रविवारच्या दुपारी माझ्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर वरच्या बाल्कनीतून जांभळे थेंब टपटपले आणि मी तरातरा जिना चढले. भांडायलाच! दारावर मराठी आडनाव दिसलं, म्हणून मराठीतच कडाडले, "हा काय प्रकार आहे?"

दारात उभा होता उन्मेष. हात जांभळे, कपाळ जांभळं.

"सॉरी... जामुनची वाइन बनवत होतो. झाकण घट्ट लावलं, तर फटाक्यासारखं उडालं."

"जांभूळ म्हणतात मराठीत."

"अच्छा! दिल्लीतच वाढलो ना... तुम्ही?"

"क्रांती. नागपूरची," मी म्हणाले. तो असा काही हसला की माझा राग कुठच्या कुठे पळाला.

दुसऱ्यांदा त्यानं मला समोर बसवूनच घाट घातला. पाण्याचा मोठा जार, कुस्करलेली जांभळं, साखर, चिमूटभर यीस्ट आणि तोंडावर टाचणीनं भोक पाडलेला फुगा. बस्स! पण काय निगुतीनं करायचा सगळं! जार हलवायचा तोही बाळाला घेतात तसा, कुशीत घेऊन. असा पुरुष मी आजवर पाहिला नव्हता. मी बघतच राहायचे... जारकडे नव्हे.

"फुगा उभा आहे तोवर आत यीस्ट साखर खातंय, काम चालू," तो म्हणाला. "लोळला की गाळायची, बाटल्या भरायच्या. मग मी दिल्लीबाहेर, मानेसरलाच राहायला. नव्या कंपनीनं घर दिलंय. ही फसफसती घेऊन टेम्पोत कसा जाऊ?"

मी पटकन फुग्याकडे पाहिलं. उभा होता.

तो सकाळी लवकर मानेसरला निघायचा, माझी न्यूज चॅनलची शिफ्ट दुपारची. म्हणून जारकडे लक्ष ठेवायला किल्ली माझ्याकडे. एका सकाळी फुग्यानं मान टाकली... आणि मी वाटीभर साखर पाण्यात विरघळवून आत ओतली. दुसऱ्या दिवशी फुगा ताठ! मग काय, फुगा जरा कलला की माझी वाटी तयार.

एकदा अशीच वाटी घेऊन शिरले, तर सुट्टी टाकून स्वारी घरातच!

"क्रांती... वाटीत काय आहे?"

"काही नाही. साखर."

"आजपण?"

"म्हणजे तुला —"

"यार, फुगा कशानं उभा राहतो, मला नाही कळणार? पहिल्याच वेळी कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू थांबवत होतीस मला..." त्याचे कान लाल झाले. "अच्छा वाटत होतं."

माझे डोळे भरून आले. लाज गेली खड्ड्यात! "नको जाऊस ना. मला तू आवडतोस, उन्मेष. खूप आवडतोस."

त्यानं माझ्या हातातली वाटी अलगद काढून घेतली.

"कंपनीचं घर मी कालच नको म्हटलं. इथूनच जाऊन-येऊन करीन."

"वेडा आहेस? रोज एवढ्या लांब?"

"जायला लांब आहे, बिल्कुल. पण यायचं तर तुझ्याकडे आहे ना..."